आधी उघडून पाहावे

मराठी विषय घेऊन एम.ए. झालेला, पन्नाशी ओलांडलेला मनुष्य रविवारच्या संध्याकाळी पेचकस, घासलेटाची वाटी आणि दात घासण्याचा जुना ब्रश घेऊन ओसरीवर बसला, की घरच्या मंडळींच्या चेहऱ्यांवर एक विशिष्ट भाव उमटतो. आमच्याकडेही तो उमटतो. “पुन्हा ते इंजिन?” एवढेच आमच्या सौभाग्यवती विचारतात आणि स्वयंपाकघरातील परात कपाटात ठेवून कुलूप लावतात. कारण एकदा त्या परातीत मी पिस्टन धुतला होता आणि त्यानंतर आठवडाभर पोळ्यांना घासलेटाचा वास येत होता, असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्या मते तो वास फार तर दोन दिवस आला असेल. असो.

हे इंजिन मोटारीचे किंवा विहिरीवरच्या पंपाचे नव्हे. ते मुठीत मावते. बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाची जी छोटी विमाने मुले बनवितात, त्यांच्या नाकावर बसविण्याचे ते इंजिन आहे. त्याच्या सिलिंडरची धारणा अवघी अडीच घन सेंटिमीटर, म्हणजे चहाच्या चमच्याच्या निम्मी. परंतु एवढेसे ते यंत्र एकदा चालू झाले, की मिनिटाला दहा हजार फेरे सहज घेते आणि त्याचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जातो. त्याला ठिणगी पाडणारा प्लग नसतो. ईथर, घासलेट आणि एरंडेल साधारण समप्रमाणात मिसळून त्याचे इंधन तयार करतात. पिस्टन वर जाऊन हवा दाबली गेली, की ती तापते आणि त्या उष्णतेनेच ईथर पेट घेते. घासलेट शक्ती पुरविते आणि एरंडेल आतील भागांना वंगण देते. दाब किती असावा हे सिलिंडरच्या डोक्यावरील एका स्क्रूने ठरविता येते, आणि इंधन किती जावे हे एका बारीक सुईने. दाब आणि सुई यांचे एकमेकांशी जमले की इंजिन गाऊ लागते. न जमले तर बोटे सुजेपर्यंत पंखा फिरवीत बसावे लागते. “संसारासारखेच आहे हे,” असे आमचे सर म्हणत.

आमचे सर म्हणजे मला शाळेत असताना एन.सी.सी.च्या हवाई शाखेत घेणारे शिक्षक. एन.सी.सी. १९४८ साली सुरू झाली आणि तिची हवाई शाखा १९५० साली निघाली. १९८४ साली मी इंदुरात नववीत शिकत होतो, तेव्हा आमच्या शाळेत तिची एक लहानशी तुकडी होती. माळव्यातील मराठी घरांतून होळकरशाहीतील कागद, एखादी गंजलेली तलवार, आजीची पैठणी अशा वस्तू जपून ठेवलेल्या आढळतात. सरांनी त्याच निष्ठेने हे इंजिन जपले होते. ते कलकत्त्याला तयार झालेले होते आणि फडक्यात गुंडाळून एका पत्र्याच्या डब्यात ठेवलेले असे.

त्याच वर्षी माझ्या हातून एक विमान जमिनीवर आदळले. मी रडवेला होऊन वाऱ्याला दोष देऊ लागलो. सरांनी मला थांबविले आणि म्हणाले, “आधी उघडून पाहू, मग बोलू.” उघडून पाहिले, तेव्हा शेपटीची पट्टी हलविणाऱ्या तारेचा सांधा निखळलेला आढळला. तो डाक मीच दिला होता आणि घाईने दिला होता. सरांनी मला रागाचा एक शब्दही ऐकविला नाही. “दिसले ना?” एवढेच ते म्हणाले. पुढे निवृत्त होताना त्यांनी तो पत्र्याचा डबा माझ्या हाती दिला. मी तेव्हा नुकताच सरकारी शाळेत शिक्षक झालो होतो. इंजिन मी सांभाळले. वाक्यही सांभाळले आहे, असा माझा समज होता.

आता ही विमाने उडतात कशी, हे थोडक्यात सांगावयास हवे. नाहीतर पुढील हकिगत कळणार नाही. विमानाच्या पंखातून दोन बारीक पोलादी तारा निघतात. त्यांची लांबी सुमारे १६ मीटर असते, आणि त्यांची दुसरी टोके उडविणाऱ्याच्या हातातील मुठीला जोडलेली असतात. मूठ कलती केली, की एक तार ओढली जाते, दुसरी सैल सुटते आणि विमान वर किंवा खाली वळते. उडविणारा मध्यभागी उभा राहून स्वतःभोवती फिरतो आणि विमान त्याच्याभोवती वर्तुळात धावते. ही पद्धत अमेरिकेत जिम वॉकर यांनी १९४० च्या सुमारास लोकप्रिय केली. तिचा सारा जीव तारांच्या ताणात असतो. विमान वेगात आहे तोवर तारा ताठ राहतात. ते डोक्यावर उंच चढलेले असताना वेग मेला, तर तारा सैल पडतात आणि मग हातातील मूठ कितीही हलविली, तरी तिकडे काही पोहोचत नाही. अशा वेळी उडविणाऱ्याने झटकन मागे सरकून तारा ताणून धरावयाच्या असतात. हे सर्व एका क्षणात करावे लागते.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातील ही गोष्ट. नोव्हेंबरचा चौथा रविवार हा एन.सी.सी. दिवस असतो. मी आता एका सरकारी शाळेचा मुख्याध्यापक आहे आणि आमच्या मुलांनी त्या दिवशी विमान उडवून दाखवावे, असा माझाच आग्रह होता. विमान नववीतील एका मुलाने तीन महिने खपून बनविले होते. त्याचे नाव मी येथे देत नाही. माझी चूक सांगण्यासाठी त्याच्या नावाची गरज नाही. त्याचे वडील शेतीच्या पंपांची दुरुस्ती करतात. मुलगा वर्गात अबोल, पण त्याचे हात बोलके आहेत. विमानांच्या कपाटाची किल्ली मी त्याच्याकडेच दिली होती. सरांचे इंजिनही मी विश्वासाने त्या विमानावर बसवू दिले.

ईथर भयंकर ज्वालाग्राही असल्यामुळे इंधन तयार करणे आणि टाकीत भरणे हे काम मी मुलांकडे कधीच देत नाही. ते उघड्यावर, विस्तवापासून दूर बसून मी स्वतः करतो. त्याचा पहिला नियम असा, की इंधन मलमलीच्या दुहेरी घडीतून गाळूनच टाकीत जावे. दरवर्षी नव्या मुलांना मी हा नियम फळ्यावर लिहून देतो. त्या दिवशी प्रमुख पाहुणे नियोजित वेळेच्या अर्धा तास आधी आले. माझी तारांबळ उडाली. नरसाळ्यात धूळ होती. ती मी पिशवीतील सुती बोळ्याने पुसली, मलमल शोधीत न बसता इंधन तसेच ओतले आणि लगबगीने व्यासपीठाकडे गेलो.

विमान उत्तम उठले. तीन-चार फेरे सरळ झाले, मग मुलाने ते हळूहळू वर नेले. मी ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्याशेजारी उभा होतो. निवेदक उत्साहाने वर्णन करीत होता आणि मुले टाळ्या वाजवीत होती. विमान डोक्यावर चढले, क्षणभर थबकल्यासारखे दिसले आणि दगडासारखे खाली आले. धूळ उडू नये म्हणून आदल्या दिवशी मैदानावर पाणी मारलेले होते. त्या ओलसर काळ्या मातीत इंजिन गळ्यापर्यंत रुतले.

मी धावत गेलो. इंजिन मातीतून काढले आणि ते फिरते की नाही हे पाहण्यासाठी पंख्याला हात घातला. तोच मुलाने पुढे होऊन माझा हात धरला. “मत घुमाइए सर, अंदर मिट्टी है।” त्याचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते. अशा इंजिनाच्या पिस्टनला रिंगा नसतात. पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांत इतके तंतोतंत घासून बसविलेले असतात, की मधली फट तेलाच्या पातळ थराने भरून निघते. मातीचा एक कण आत असताना एक फेरा जरी दिला, तरी त्या गुळगुळीत पृष्ठभागावर कायमचा ओरखडा उठतो आणि दाब धरण्याची शक्ती जाते. हे मीच त्याला शिकविले होते. परंतु पाहुण्यांसमोर विद्यार्थ्याने हात धरावा, याचाच मला राग आला. विमान इतके उंच नेण्याची परवानगी तुला कोणी दिली, चमत्कार दाखविण्याची हौस होती काय, तुझ्या एका क्षणाच्या दिमाखापायी माझ्या गुरूंची ठेव मातीत गेली, असे मी त्याला दोनशे मुलांदेखत बोललो. तो खाली मान घालून म्हणाला, “सर, इंजन पहले बंद हुआ था।” मी म्हणालो, “बहाने मत बनाओ।”

त्या सायंकाळी मी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून बसलो. परात मिळाली नाही. एका जुन्या ॲल्युमिनियमच्या तपेल्यात घासलेट घेतले. इंजिनाची सर्व तोंडे चिंधीने बंद करून आधी बाहेरची माती ब्रशने झाडली, मग बाहेरून घासलेटाने धुतली. त्यानंतर मागच्या झाकणाचे चार स्क्रू काढले. एकाचे आटे गेलेले होते. डोके उतरविले, सिलिंडर सोडविला. पिस्टनची पुढची बाजू कोणती, याची पेन्सिलीने खूण केली. कारण वर्षानुवर्षे ज्या दिशेने तो घासला गेला, त्याच दिशेने पुन्हा बसला पाहिजे. हवा घेण्याच्या तोंडात काळ्या मातीची चक्क गोळी बसली होती. धूर बाहेर जाण्याच्या खिडकीतही माती होती, पण सिलिंडरच्या आतली भिंत आरशासारखी स्वच्छ होती. मुलाने माझा हात धरला नसता, तर ती तशी राहिली नसती. हा विचार मनात आला. तो मी बाजूला सारला.

सर्व भाग रात्रभर घासलेटात बुडवून ठेवले. एरंडेल जुने झाले की डिंकासारखे चिकटून बसते. ते सुटावयास वेळ द्यावा लागतो. झोप लागेना, म्हणून राइट बंधूंचे चरित्र चाळीत पडलो. १८७८ साली वडिलांनी त्यांना रबराच्या पिळावर उडणारे एक खेळणे आणून दिले. ते मोडले, तेव्हा मुलांनी त्याच्यासारखे दुसरे बनविले. पुढे त्यांच्या सायकलच्या दुकानात चार्ली टेलर यांनी विमानासाठी इंजिन तयार केले. १९०३ च्या फेब्रुवारीत ते तपासणीसाठी चालविले, तेव्हा बेअरिंग जखडले गेले आणि इंजिनाचे ओतीव अंग फुटले. त्यांनी नवे अंग ओतवून घेतले आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला ते विमान १२ सेकंद उडाले. त्या दिवशी चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्याच्या झोताने ते विमान उलथले आणि इंजिन पुन्हा मोडले. चरित्र मिटताना माझ्या मनात आले, की मोडणे हा या विद्येचा नेहमीचाच भाग आहे. मग मी दुपारी एवढा संतापलो कशासाठी? इंजिनासाठी, की व्यासपीठावरील खुर्चीसाठी?

सोमवारी शाळेत गेलो, तेव्हा टेबलावर कपाटाची किल्ली ठेवलेली होती. तिच्याबरोबर चिठ्ठी नव्हती. मुलगा वर्गात होता, पण मागच्या बाकावर. मी किल्ली खणात टाकली आणि हजेरीपटावर सह्या करू लागलो.

संध्याकाळी भाग बाहेर काढून पुसले आणि एकेक तपासले. प्रथम लक्ष गेले ते पंख्याकडे. त्याचे एकच पाते मोडले होते. दुसऱ्यावर ओरखडाही नव्हता. मैदानावरही ते मी पाहिले होते, पण पाहणे आणि वाचणे यांत अंतर आहे. वेगाने फिरणारा पंखा जमिनीवर आपटला, तर दोन्ही पाती मोडतात, कारण दोघांनाही मातीचा मार बसतो. एकच पाते मोडते, ते पंखा थांबलेला असताना. क्रँकशाफ्ट काढून आरशाच्या काचेवर घरंगळवून पाहिला. तो अगदी सरळ होता. म्हणजे आदळण्यापूर्वीच इंजिन बंद पडले होते. मुलगा खरे बोलला होता.

पण ते बंद का पडले? विद्यार्थिदशेत आम्हाला जुन्या पोथ्यांची पाठचिकित्सा शिकविली होती. एखाद्या ग्रंथात कोणत्या ओव्या मूळच्या आणि कोणत्या मागाहून कोणी घुसडलेल्या, म्हणजे प्रक्षिप्त, हे ओळखावयाचे असते. माझ्या समोरच्या तपेल्यात तोच प्रश्न होता. बाहेरून आलेली काळी माती ही सारी प्रक्षिप्त. ती अपघाताने आणली. अपघातापूर्वीचे आत काय होते, ते निराळे काढावयास हवे होते. इंधन आत सोडणारी बारीक पितळी नळी वाकली होती. तिच्यातील सुई मी हलक्या हाताने बाहेर काढली. सुईच्या टोकापुढे, इंधनाच्या छिद्राच्या आतल्या बाजूला काहीतरी अडकले होते. बाहेरची माती तेथवर पोहोचलेलीच नव्हती; तेथे केवळ टाकीतूनच वस्तू येऊ शकते. चिमट्याने ती ओढून भिंगाखाली धरली. तो एक निळा धागा होता, पापणीच्या केसाएवढा.

मी उठलो आणि पिशवीतील सुती बोळा काढला. तो गिरणीतील उरल्यासुरल्या सुताचा होता आणि त्यात पांढऱ्या धाग्यांबरोबर निळे धागे होते.

सारे चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले. धागा छिद्राशी अडकला, इंधन कमी पडू लागले, इंजिनाचा आवाज आधी चढा झाला असेल, ते तापले आणि नेमके विमान डोक्यावर असताना थांबले. मी कर्ण्याशेजारी उभा होतो, म्हणून मला काही ऐकू आले नाही. मुलगा मैदानाच्या मध्यभागी उभा होता. त्याला सर्व ऐकू आले होते.

वाचकांपासून लपविण्यासारखे आता काही उरलेले नाही, म्हणून हेही सांगतो. तो धागा चिमट्याच्या टोकावर होता. एक फुंकर मारली असती, तर तो ओसरीवरून अंगणात गेला असता आणि त्याबरोबर ही गोष्टही. मुलाला मी दुसऱ्या दिवशी एकटे बोलावून पाठीवर हात ठेवला असता, ‘जाऊ दे, होते असे’ म्हटले असते, तर तो आनंदाने किल्ली घेऊन गेला असता. मोठेपणाही माझ्याकडेच राहिला असता. मुख्याध्यापकाला असे मार्ग चटकन सुचतात; ती सवय खुर्चीबरोबर येते. परंतु ओसरीवरच्या दिव्याखाली तो उघडा पत्र्याचा डबा पडला होता, आणि “दिसले ना?” हे दोन शब्द मला चाळीस वर्षांनंतर पुन्हा ऐकू आले.

मी धागा एका पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवला. मंगळवारी प्रार्थनेनंतर मुलांना थांबावयास सांगितले. ज्यांच्यादेखत बोललो, त्यांच्यादेखतच परत घ्यावयास हवे होते. इंधन मी गाळले नव्हते, माझ्याच बोळ्याचा धागा इंजिनात गेला, त्यामुळे ते बंद पडले आणि दोष मात्र मी दुसऱ्याला दिला, हे मी पाच-सहा वाक्यांत सांगितले. नंतर मुलाचे नाव घेऊन त्याची क्षमा मागितली. शिक्षकमंडळींत थोडी चुळबुळ झाली. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने नंतर मला बाजूला घेऊन सांगितले, की अशाने शिस्त ढिली पडते. त्यांचे म्हणणे मी ऐकून घेतले. त्यांच्याशी वाद घालावा, अशी माझी त्या दिवशी पात्रता नव्हती.

मधल्या सुट्टीत मुलगा कार्यालयाच्या दारात येऊन उभा राहिला. मी खणातून किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. ती त्याने लगेच घेतली नाही. “सर, एक बात है,” तो म्हणाला. “इंजन बंद हुआ, तब मुझे पीछे हटना था। मैं डर गया। एक सेकंड खड़ा रह गया।” तो मागे सरकला असता, तर विमान कदाचित पोटावर उतरले असते आणि इंजिन मातीत गेले नसते. हे त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते, कळण्याचा मार्गही नव्हता. मी जे बोललो, त्यात एवढा एक अंश खरा होता आणि तो मला त्यानेच आणून दिला.

मला वाटते, त्या दिवशी मी शिक्षकी पेशातील एक गोष्ट तीस वर्षे उशिरा शिकलो. रविवारी मी दरडावून विचारले असते, “तुझे काही चुकले का?” तर तो “नाही” म्हणाला असता, आणि ते खोटे बोलण्यास मीच त्याला भाग पाडले असते. दोष वाटण्याची घाई झाली, की प्रत्येक जण आपापले झाकण घट्ट आवळून बसतो. एकाने आपले उघडले, की दुसऱ्याचे आपोआप सैल होते.

त्यानंतरचे काम आम्ही दोघांनी केले. शाळा सुटल्यावर तो माझ्याकडे येई आणि सौभाग्यवती त्याला पोहे देत. त्याच्या साक्षीने त्यांनी ती परातही काढून दिली, हे विशेष. ज्या स्क्रूचे आटे गेले होते, त्याचे भोक किंचित मोठे करून मुलाच्या वडिलांनी त्यात नवे आटे पाडून दिले. वाकलेली नळी त्यांनी तापवून सरळ केली. सुई मात्र निकामी झाली होती आणि इतक्या जुन्या इंजिनाची सुई बाजारात मिळेना. सियागंजातील चार दुकाने हिंडलो. अखेर मुलानेच युक्ती काढली. घरातील शिवणाच्या डब्यातून योग्य जाडीची सुई निवडली, जुन्या सुईची आट्यांची पितळी टोपी सोडवून घेतली आणि तिच्यात नवी सुई डाक देऊन बसविली. डाक त्याने दिला. घाई न करता दिला. मागच्या झाकणाखालचे गॅस्केट आम्ही कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या जाड मुखपृष्ठातून कापले. आयुष्यभर उत्तरपत्रिकांवर तांबड्या रेघा ओढल्या. ती इतक्या उपयोगी पडलेली मी प्रथमच पाहिली.

जोडणी उलट्या क्रमाने, प्रत्येक भागाला पातळ तेलाचे बोट लावून. पिस्टन पेन्सिलीच्या खुणेप्रमाणे. झाकणाचे स्क्रू एकामागून एक नव्हे, तर समोरासमोरचे, थोडे थोडे आवळीत, म्हणजे झाकण तिरके बसत नाही. सर्व बसल्यावर मुलाने शाफ्ट बोटांनी सावकाश फिरविला. वरच्या टोकाशी तो अडला, दाब जाणवला, आणि ‘फुस्’ असा आवाज न होता मागे ढकलला गेला. मुलाने माझ्याकडे पाहिले. सिलिंडर दाब धरीत होता.

डिसेंबरातील एका रविवारी सकाळी शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत इंजिन एका जाड फळीवर घट्ट बसविले. डोळ्यांना चष्मे लावले. नवा पंखा चढविला. डोक्यावरचा स्क्रू सैल करून दाब आधी कमी केला, कारण आत इंधन साचलेले असताना दाब जास्त असला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. जाड कातडी हातमोजा घालून मुलाने पंख्याला झटका दिला. काही नाही. पुन्हा झटका. स्क्रू पाव फेरा आवळला. अकराव्या की बाराव्या झटक्याला ‘टक्’ असा आवाज आला आणि ईथरचा गोड, दवाखान्याची आठवण देणारा वास पसरला. आणखी थोडा दाब, सुई अर्धा फेरा, आणि ते इंजिन ओरडून उठले. एरंडेलाच्या निळसर धुरात मुलाचा चेहरा दिसेनासा झाला. दात मात्र दिसत होते.

पहिले काही दिवस आम्ही ते थोडा थोडा वेळ आणि भरपूर इंधन देऊन चालविले, म्हणजे सर्व भाग पुन्हा एकमेकांना रुळतील. २६ जानेवारीला ते नव्या विमानावर चढले आणि उडाले. विमान त्या दिवशी फार उंच गेले नाही. कोणी तशी आज्ञा केली नव्हती. मुलानेच ते बेताने नेले.

तो निळा धागा कागदाच्या घडीत अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. एखाद्या मुलाची तक्रार माझ्यापुढे आली आणि जीभ शिवशिवू लागली, की मी तो खण ओढतो आणि पुन्हा लावतो. प्रत्येक वेळी उपयोग होतोच असे नाही. काही वेळा मी आधी बोलतो आणि मग उघडून पाहतो. परंतु पूर्वीपेक्षा कमी.

मुलगा आता अकरावीत आहे. किल्ली त्याच्याकडेच असते. मी इंधनाची बाटली घेऊन नरसाळ्याशी बसलो, की तो शेजारी येऊन उभा राहतो. आता नव्या मुलांसमोर, मुळीच न संकोचता, विचारतो, “सर, छान लिया?”

मी मलमलीची दुहेरी घडी त्याला दाखवितो. मगच तो टाकीचे झाकण उघडतो.